दोनदा मोजलेल्या आणि मोजायच्या राहिलेल्या

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज मी गणितावर बोलणार आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. मी स्वतः दहावीला गणितात कशीबशी पास झालेली बाई आहे. पुढं बी.ए. केलं ते लग्नानंतर, आपल्या नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. बी.ए.ला गणित नाही, म्हणूनच आनंदानं केलं. तेव्हा मला जे कळलं, ते तुम्हाला कळणारच. आणि ज्यांच्या घरात पोलीस भरतीची, तलाठी भरतीची किंवा शिष्यवृत्तीची तयारी करणारं लेकरू आहे, त्यांनी त्याला हाक मारून जवळ बसवा. सोबत एक कागद, एक पेन्सिल आणि मूठभर चिंचोके घ्या.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका गावातल्या पाच गटांची माहिती मला कागदावर भरून द्यायची होती. पाच गट, प्रत्येकात दहा जणी, म्हणजे 50 बायका. कागदावर चार रकाने होते. एकूण सभासद किती, शेळ्या पाळणाऱ्या किती, कोंबड्या पाळणाऱ्या किती, आणि यातलं काहीच नसलेल्या किती. त्या शेवटच्या रकान्यातल्या बायकांचा मदतीसाठी आधी विचार होणार होता.

मी बैठकीत हात वर करायला सांगितलं. शेळ्या कोणाकडं? 28 हात. कोंबड्या कोणाकडं? 22 हात. 28 आणि 22 झाले 50. एकूण सभासद पण 50. हिशेब पैशाला पैसा जुळला. मी खूश झाले. शेवटच्या रकान्यात शून्य लिहिलं, सही केली आणि कागद देऊन टाकला.

पंधरा दिवसांनी एक मावशी रस्त्यात भेटल्या. दुसऱ्याच्या रानात कामाला जाणाऱ्या, घरात एकट्या. मला म्हणाल्या, "ताई, माझ्याकडं शेळी नाही आन् कोंबडी पण नाही. मी हात वर केलाच नव्हता. मग तुम्ही मला कुठल्या रकान्यात बसवलं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी वही काढली. बेरीज पुन्हा केली. बरोबरच होती! मग दुसऱ्या दिवशी घरोघर फिरले आणि एकेकीचं नाव लिहिलं. तेव्हा खरं चित्र दिसलं. 20 जणींकडं फक्त शेळ्या होत्या. 14 जणींकडं फक्त कोंबड्या. 8 जणींकडं दोन्ही. आणि 8 जणींकडं काहीच नव्हतं.

मैत्रिणींनो, काय झालं होतं बघा. ज्या आठ जणींकडं शेळ्याही होत्या आणि कोंबड्याही, त्यांनी दोन्ही वेळा हात वर केला. त्या दोनदा मोजल्या गेल्या. आणि ज्या आठ जणींकडं काहीच नव्हतं, त्या एकदाही मोजल्या गेल्या नाहीत. आठ जादा आणि आठ कमी. म्हणून बेरीज जुळली, आणि बेरीज जुळली म्हणूनच मला चूक दिसली नाही. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्याच कागदावरून गेल्या. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. माझ्या हातून झालं होतं.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन गटातल्या एका ताईंच्या ओट्यावर बसले होते. त्यांची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे उठून डांबरी रस्त्यावर 800 मीटरचा सराव करायचा, दुपारी गावातल्या अभ्यासिकेत बसायचं, असा तिचा दिवस. मागच्या भरतीत दोन मार्कांनी राहिली होती. तिनं माझ्या वहीत डोकावलं आणि हसली. म्हणाली, "ताई, हे तर आमच्या पेपरातलं गणित आहे. असा प्रश्न आला की मी सोडूनच देते."

मी म्हटलं, "का गं, सोडून का देतेस?"

म्हणाली, "क्लासमध्ये सूत्र दिलंय. कधी वजा करायचं, कधी मिळवायचं, ते पेपरात आठवतच नाही. वेळ जातो."

तिचंही खरं होतं. पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा 100 गुणांची असते. 100 प्रश्न आणि 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. त्यात प्रश्न वाचायचा, सोडवायचा आणि उत्तरपत्रिकेवर गोल काळा करायचा. सूत्र आठवत बसायला वेळ कुठून आणायचा? पण मला वाटलं, जे गणित माझ्या वहीत आठ बायकांच्या रूपानं बसलंय, त्याला सूत्र कशाला पाहिजे? त्या ओट्यावर आम्ही दोघींनी मिळून ते सोडवलं. तीच रीत आज सांगते.

दोन बांगड्या

हातातल्या दोन बांगड्या काढा आणि जमिनीवर अशा ठेवा, की एकीची थोडी कड दुसरीवर येईल. बांगड्या नसतील तर खडूनं किंवा रांगोळीनं दोन गोल काढा. डावा गोल शेळ्यांचा, उजवा गोल कोंबड्यांचा. आता जमिनीचे चार भाग झाले. डाव्या गोलाचा एकटा भाग, म्हणजे फक्त शेळ्या. उजव्या गोलाचा एकटा भाग, म्हणजे फक्त कोंबड्या. मधला, दोन्ही गोलांत येणारा भाग, म्हणजे दोन्ही. आणि गोलांच्या बाहेरची जमीन, म्हणजे काहीच नाही. प्रत्येक बाईसाठी एक चिंचोका घ्या आणि तो या चारपैकी एकाच जागी ठेवा. एक बाई, एक चिंचोका, एक जागा. सगळं गणित एवढंच आहे.

या चित्राला शाळेत वेन आकृती म्हणतात. जॉन वेन नावाच्या इंग्रज तर्कशास्त्र्यानं 1880 साली अशा गोलांवर लेख लिहिला, म्हणून त्याचं नाव पडलं. आपल्या पोरांच्या नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात पहिलाच धडा 'संच' आहे, त्यात ही आकृती आहे. मधल्या भागाला पुस्तकात छेद म्हणतात आणि दोन्ही गोल मिळून जे होतं त्याला संयोग. नावं पाठ नसली तरी चालेल. जागा ओळखता आली पाहिजे.

आता परीक्षेत प्रश्न असा येतो: एका गावात 50 महिला आहेत. 28 महिला शेळ्या पाळतात, 22 कोंबड्या पाळतात, 8 महिला दोन्हीपैकी काहीच पाळत नाहीत. तर दोन्ही पाळणाऱ्या किती?

पहिली पायरी: बाहेरच्या आधी बाजूला काढा. 50 मधून 8 गेल्या, राहिल्या 42. या 42 जणी गोलांच्या आत आहेत.

दुसरी पायरी: दोन्ही गोलांची बेरीज करा. 28 आणि 22, 50.

तिसरी पायरी: आत बायका 42, पण बेरीज 50. हे आठ जादा कुठून आले? ज्या दोनदा मोजल्या, त्यांच्यामुळं. म्हणून दोन्ही पाळणाऱ्या 8.

चौथी पायरी: मधल्या भागात 8 ठेवा आणि तिथून बाहेर या. शेळ्यांच्या 28 मधून 8 गेल्या, फक्त शेळ्या 20. कोंबड्यांच्या 22 मधून 8 गेल्या, फक्त कोंबड्या 14. मग चारही जागांची बेरीज: 20, 14, 8 आणि 8. झाले 50. जुळलं.

आता तुम्ही म्हणाल, तुझी पहिली बेरीज पण जुळली होतीच की! हो, पण ती 28 आणि 22 ची होती. ते दोन आकडे एकमेकांत मिसळलेले होते. ही बेरीज चार वेगळ्या जागांची आहे, यात कोणी दोन ठिकाणी नाही. जुळवायची तर ही बेरीज जुळवायची.

'फक्त' हा शब्द

त्या मुलीचे जुने पेपर आम्ही पुढं बघितले. तिच्या चुका बेरीज-वजाबाकीत नव्हत्याच. त्या वाचण्यात होत्या. प्रश्नातला एक छोटा शब्द सुटला की उत्तर चुकतं. तो शब्द म्हणजे 'फक्त'.

"28 महिला शेळ्या पाळतात" म्हणजे पूर्ण डावा गोल. त्यात दोन्हीवाल्या पण आल्या. "20 महिला फक्त शेळ्या पाळतात" म्हणजे डाव्या गोलाचा एकटा भाग. दोन्ही वाक्यं ऐकायला सारखी, पण जागा वेगळी.

दिलेल्या माहितीतच 'फक्त' असेल तर काहीच वजा करायचं नाही. समजा, 30 जणी फक्त चहा पितात, 12 जणी फक्त कॉफी पितात आणि 6 जणी दोन्ही पितात. एकूण किती? सरळ बेरीज, 48. इथं कोणी दोनदा मोजलेलंच नाही. पण सूत्र पाठ केलेलं पोरगं इथंही 6 वजा करतं आणि 36 लिहून येतं. आणि गंमत म्हणजे खालच्या पर्यायांत 36 दिलेलंच असतं.

हे पर्याय कसे तयार होतात ते ओळखायला शिका. पेपर काढणाऱ्याला माहीत असतं पोरं कुठं चुकतात. एक उदाहरण देते, आपल्या भागातलंच. एका टोळीत 36 बायका आहेत. 23 जणी द्राक्षाच्या बागेत कामाला जातात, 18 जणी कांदा काढायला जातात, 5 जणी यंदा कुठंच जात नाहीत. तर फक्त द्राक्षबागेत जाणाऱ्या किती? पर्याय: 5, 10, 13, 23.

करून बघा. 36 मधून 5 गेल्या, 31. 23 आणि 18 झाले 41. 41 मधून 31 गेले, 10 जणी दोन्हीकडं जातात. इथं घाईत पोरं 10 ला गोल करतात, कारण उत्तर आलं असं वाटतं आणि पर्यायात 10 आहे. पण विचारलंय 'फक्त द्राक्षबाग'. 23 मधून 10 गेल्या, 13. उत्तर 13. ज्यानं 'फक्त' वाचलं नाही त्याच्यासाठी 23 ठेवलंय, आणि जो अर्ध्यात थांबला त्याच्यासाठी 10. म्हणून गोल काळा करण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचायची. 54 सेकंदांतले तीन-चार सेकंद यासाठी राखून ठेवायचे.

असेच आणखी दोन शब्द. 'किमान एक' म्हणजे गोलांच्या आतलं सगळं, मधलंही धरून. 'एकही नाही' म्हणजे बाहेरची जमीन. आणि प्रश्नात बाहेरच्यांचा उल्लेखच नसेल, तर "प्रत्येक जण किमान एक तरी" असं काही लिहिलंय का ते शोधायचं. तसं लिहिलं असेल तर बाहेर शून्य. आपल्या मनानं बाहेर शून्य धरायचं नाही. मी धरलं होतं, त्याचं काय झालं ते सांगितलंच.

टक्क्यांचा प्रश्न

टक्के आले की पोरं बिचकतात. खरं तर टक्के आले की सोपं होतं, कारण एकूण 100 आयतेच मिळतात.

प्रश्न: एका परीक्षेत 70 टक्के मुलं मराठीत पास झाली, 65 टक्के गणितात पास झाली आणि 15 टक्के दोन्हीत नापास झाली. दोन्हीत पास झालेली मुलं 90 असतील, तर परीक्षेला एकूण किती मुलं होती?

तीच रीत. शंभरातून बाहेरचे 15 गेले, 85. 70 आणि 65 झाले 135. 135 मधून 85 गेले, 50. म्हणजे दोन्हीत पास 50 टक्के. 50 टक्के म्हणजे निम्मी. निम्मी मुलं 90, तर एकूण 180. झालं.

हाच प्रश्न कधी उलटा करून विचारतात: 30 टक्के मराठीत नापास, 35 टक्के गणितात नापास, 15 टक्के दोन्हीत नापास, तर दोन्हीत पास किती? इथं गोल नापासांचे काढायचे. 30 आणि 35 झाले 65, दोनदा मोजलेले 15 गेले, राहिले 50. म्हणजे कुठंतरी नापास झालेली 50 टक्के. बाहेर राहिली 50 टक्के, ती दोन्हीत पास. आधीचंच उत्तर आलं, कारण गणित तेच आहे, लुगडं उलटं नेसवलंय. त्यामुळं काढायला बसताना आधी ठरवायचं, माझे गोल पासांचे आहेत की नापासांचे. ते ठरवून मगच आकडे भरायचे.

तीन गोल

आता तीन गोलांचं. हे स्पर्धा परीक्षेत येतं, आणि आपल्या गटांच्या कामातही येतं. समजा, एका गावातल्या 60 बायकांसाठी तीन प्रशिक्षणं झाली. शिवणकाम, शेळीपालन आणि पापड-मसाले. हजेरीपत्रकावर शिवणकामाला 30 सह्या, शेळीपालनाला 28, पापड-मसाल्याला 24. एकूण सह्या 82. गावात बायकाच 60, मग 82 जणींना शिकवलं कसं? सह्या 82 आहेत, बायका नाहीत. बायका किती ते आपण काढू.

शिवण आणि शेळी दोन्हींना आलेल्या 12. शेळी आणि पापड दोन्हींना आलेल्या 10. शिवण आणि पापड दोन्हींना आलेल्या 9. तिन्हींना आलेल्या 5.

इथं घाई करू नका. मधून बाहेर यायचं, कांदा सोलताना बाहेरून आत जातो त्याच्या उलट. तीन बांगड्या एकमेकींवर ठेवल्या की बरोबर मध्ये एक जागा होते, जी तिन्हींत आहे. तिथं 5 चिंचोके ठेवा.

मग दोघींच्या जागा. शिवण आणि शेळीच्या 12 जणींत त्या पाच पण आल्या. म्हणून फक्त या दोन्हींच्या 7. तसंच शेळी आणि पापडच्या 10 मधून 5 गेल्या, 5. शिवण आणि पापडच्या 9 मधून 5 गेल्या, 4.

मग एकेकट्या जागा. शिवणच्या 30 मधून 5, 7 आणि 4 गेल्या, राहिल्या 14. शेळीच्या 28 मधून 5, 7 आणि 5 गेल्या, राहिल्या 11. पापडच्या 24 मधून 5, 5 आणि 4 गेल्या, राहिल्या 10.

आता सात जागांची बेरीज: 5, 7, 5, 4, 14, 11, 10. झाल्या 56. गावात 60. म्हणजे चार जणी एकाही प्रशिक्षणाला आल्या नाहीत. 82 सह्यांचा कागद बघून कोणाला वाटलं असतं का, की चार जणी राहिल्यात?

याचंही सूत्र आहे: तिन्हींची बेरीज करा, दोघा-दोघांचे वजा करा, तिघांचे पुन्हा मिळवा. 82 मधून 31 गेले, 51. त्यात 5 मिळवले, 56. तेच उत्तर. पण 'पुन्हा मिळवा' का? त्या मुलीला हेच कळत नव्हतं. तिन्ही प्रशिक्षणांना आलेली एक बाई डोळ्यांपुढं आणा. बेरजेत ती तीनदा मोजली. मग शिवण-शेळीत तिला वजा केलं, शेळी-पापडात वजा केलं, शिवण-पापडातही वजा केलं. तीनदा आली, तीनदा गेली, हातात शून्य. बाई तर समोर उभी आहे! म्हणून तिला एकदा परत घ्यायचं. हे सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, "ताई, आता नाही विसरणार. मिळवलं नाही तर ती बाई जातेच की यादीतून."

पडताळा हवा असेल तर तोही सोपा. एकाच प्रशिक्षणाला आलेल्या 14, 11 आणि 10, म्हणजे 35. त्यांच्या सह्या 35. बरोबर दोनांना आलेल्या 7, 5 आणि 4, म्हणजे 16. त्यांच्या सह्या 32. तिन्हींना आलेल्या 5, त्यांच्या सह्या 15. 35, 32 आणि 15 झाले 82. सह्याही जुळल्या आणि बायकाही.

कमीत कमी किती?

शेवटचा एक प्रकार थोडक्यात. कधी प्रश्नात बाहेरच्यांची संख्याच दिलेली नसते, आणि विचारतात की दोन्ही असणाऱ्या कमीत कमी किती असतील. गटात 20 जणी. 15 जणींकडं गॅस आहे, 12 जणींकडं मोबाईल. 15 आणि 12 झाले 27. बायका 20. बाहेर कोणीच नाही असं धरलं तरी सात जणी दोनदा मोजल्या गेल्या असणारच. म्हणून कमीत कमी 7. आणि जास्तीत जास्त? लहान गोल पूर्ण मोठ्या गोलात बसला तर 12. यापेक्षा जास्त होणार नाही, कारण मोबाईलवाल्याच बारा आहेत. इथं नेमकं उत्तर नसतं. 7 ते 12 च्या मधलं कितीही असू शकतं. नेमकं पाहिजे असेल तर घरोघर जाऊन विचारावंच लागतं.

मैत्रिणींनो, हे प्रश्न फक्त पोलीस भरतीत येत नाहीत. शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते. आठवीच्या मुलांची एनएमएमएस परीक्षा असते, तिच्यातही बौद्धिक क्षमता चाचणीचा वेगळा पेपर आहे. ती शिष्यवृत्ती मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. गावातल्या घराला ही रक्कम लहान नाही. मुलगी हुशार आहे, पण नववीनंतर शाळा लांब, एसटीचा पास, वह्या-पुस्तकं, मग घरात चर्चा सुरू होते. त्या चर्चेत हे 12 हजार मुलीच्या बाजूनं बोलतात.

आणि "आम्हाला गणित येत नाही, आम्ही काय शिकवणार" असं म्हणू नका. कोणाच्या घरी कोण आहे, कोणाकडं दोन एकर आणि विहीर दोन्ही आहे, कोणाकडं दोन्ही नाही, हे गावातल्या बाईला तोंडपाठ असतं. लेकरासमोर दोन बांगड्या ठेवा आणि म्हणा, सांग बरं, आपल्या गल्लीत गाय किती घरी, बैल किती घरी, दोन्ही किती घरी. एका आठवड्यात त्याची भीती जाते.

गटांच्या लिहिणाऱ्या ताईंना माझं वेगळं सांगणं आहे. माहिती भरताना हात वर करायला लावून आकडे घेऊ नका. आधी सगळ्या नावांची यादी करा. नावापुढं रकाने आखा आणि खुणा करा. बेरीज नावांवरून करा, हातांवरून नाही. आणि ज्या नावापुढं एकही खूण नाही, ते नाव आधी मोठ्यानं वाचा. त्या बाई बैठकीत बोलत नाहीत, बहुतेक वेळा मागं बसतात.

आमच्या त्या आठ जणींचं काय झालं, हे सांगायला पाहिजे. मी दुरुस्तीचा कागद दिला, माझी चूक झाली असं त्यात लिहिलं. पहिल्या खेपेला उशीर झाला होता, त्यांची नावं लागली नाहीत. दुसऱ्या खेपेला पाच जणींना शेळ्या मिळाल्या. तिघी अजून थांबल्यात, त्यात रस्त्यात भेटलेल्या त्या मावशी पण आहेत. बैठकीला येतात. मी यादी वाचायला लागले की म्हणतात, "ताई, आधी बाहेरच्या मोजा." मी आधी बाहेरच्याच मोजते.

आणि ती मुलगी? तिची यंदाची मैदानी चाचणी झाली, लेखी अजून बाकी आहे. परवा तिनं मला एक सराव पेपर दाखवला. गोलांचा प्रश्न सोडवलेला होता आणि बाजूला पेन्सिलीनं दोन छोट्या बांगड्या काढल्या होत्या. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्या पोरींसाठी आपण सगळ्या प्रार्थना करू.

जाता जाता घरी करायला एक गणित. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत मांडा. गावात 80 घरं आहेत. 45 घरी गाय आहे, 38 घरी शेळी आहे, 12 घरी दोन्ही नाही. दोन्ही किती घरी? आणि फक्त शेळी किती घरी? उत्तर लगेच सांगत नाही, आधी चिंचोके मांडा. मांडून झाले? दोन्ही 15 घरी, फक्त शेळी 23 घरी. चारही जागांची बेरीज 80 आली का, तेवढं मात्र तुम्हीच बघा.

येते मी. नमस्कार.